पोटखराबा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या ओतकामाच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमला कोणी ॲल्युमिनियम म्हणत नाही. नुसतं ‘मेटल’. मेटल आलं का, मेटल तापलं का, आज मेटल कमी पडतंय. बावीस वर्षं मी हेच बोलत आणि हेच ओतत आलोय. पंपाची कव्हरं, पुल्या, कुठल्या कुठल्या यंत्रांचे हातपाय. हे मेटल दोन वाटांनी येतं. एक लाद्यांची वाट: रुपेरी, गुळगुळीत, एकावर एक रचलेल्या. दुसरी भंगाराची. तिच्यात जुने पिस्टन, कुकरची झाकणं, आणि अधूनमधून पोचे पडलेलं, बुडाला काळं झालेलं जर्मनचं एखादं पातेलं.

आमच्याकडे खेड्यापाड्यांत ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनच म्हणतात. माझ्या आजीच्या घरी पितळ माळ्यावर आणि जर्मन चुलीवर असायचं. पितळेला दर वर्षी कल्हई लागायची, जर्मन बिचारं काही मागत नव्हतं. असं पातेलं भट्टीत टाकलं की थोडा वेळ तसंच्या तसं राहतं. ६६० अंशांला मेटल वितळतं. तिथवर आलं की पातेलं मांडी घालून बसल्यासारखं खाली जातं. मी शक्यतो तेव्हा दुसरीकडे बघतो.

हे सगळं मुळात डोंगरातून निघतं हे मला ठाऊक होतं, पण शहरातल्या पोराला दूध म्हशीचं असतं हे ठाऊक असतं, तितपतच. मग गेल्या पितृपंधरवड्यात आमचा मोल्डर, म्हणजे साचे करणारा, म्हणाला, “मालक, आज्ज्याचा म्हाळ हाय. वैनीस्नी घिऊन जेवायला या. आन तुमचं मेटल कुठनं निघत हुतं ते बी बगून जावा.”

गाव राधानगरी तालुक्यातलं, अभयारण्याच्या हद्दीबाहेरचं. नाव लिहीत नाही. मोल्डरच्या वडलांनी तशी गळच घातली होती. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी तिथला व्हिडिओ टाकला आणि पुढच्या दोन रविवारी बाटल्या गोळा करायला गावाला पोती पुरली नाहीत.

रंकाळ्यावरून पुईखडी चढून, हळदी, परिते करत आम्ही निघालो. दोन्हीकडे ऊस. गाडीत मी, बायको आणि बारावीतली मुलगी, जिला खाणीत काडीचा रस नव्हता. तिला राऊतवाडीचा धबधबा हवा होता. धबधब्याची अट मान्य करूनच ती गाडीत बसली होती.

राधानगरी पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात प्रत्येक कोल्हापूरकराचा एक कान या गावाकडे लागलेला असतो. धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की भारानं ते आपोआप उघडतात आणि उतरलं की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. हा आकडा आमच्याकडे दुधाच्या दरासारखा तोंडपाठ असतो. कितवा उघडला, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर, ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ च्या वर गेली तेव्हा आम्ही फुटांवरून इंचांवर आलो होतो. आमच्या शेडच्या भिंतीवर दोन्ही पुरांच्या रेघा अजून आहेत. पुसायला एकदा माणूस लावला होता, मग नको म्हटलं.

धरणाजवळ थांबलो तेव्हा सगळे दरवाजे मिटलेले होते. शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास हे काम काढलं आणि तलावाला आपल्या पत्नीचं, महाराणी लक्ष्मीबाईंचं, नाव दिलं. बांधकाम अर्ध्यात थांबलं, महाराज १९२२ ला गेले आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. पाणी बरंच उतरलं की आत महाराजांचा बेनझीर व्हिला दिसतो. सप्टेंबरात तो पाण्याखालीच. मुलीला मी हे सांगत होतो आणि ती मान हलवत कणीस खात होती.

राऊतवाडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाणी सुंदर आहे, अंगावर आलं की धडकी भरते. पण खाली एका गाडीच्या डिकीतून जे गाणं वाजत होतं त्याचा ठोका पाण्यापेक्षा मोठा होता. मुलीचं समाधान झालं, माझे बूट भिजले. दाजीपूरच्या जंगलाची सफर पावसाळ्यात बंदच असते. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे रान १९८५ ला वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, साडेतीनशे चौरस किलोमीटरचं. २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही आहे. गवे मात्र हद्द पाळत नाहीत. ते पुढे आलंच.

मुख्य रस्ता सोडला आणि मला पहिल्यांदा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घाटमाथ्याच्या वाडीला जाणारा रस्ता कसा असतो ते आपल्याला माहीत असतं. एक गाडी आली की दुसरीनं शेतात उतरायचं. हा रस्ता त्याच्या दुप्पट रुंद होता. वळणं ऐसपैस, चढ बेतशीर. आणि पार उखडलेला. खड्ड्यांत तांबडं पाणी, कडेचं गवत मधोमध सरकत आलेलं. वीसेक घरांच्या वस्तीला एवढा रस्ता कोणी बांधला, असं बायकोनं विचारलं आणि विचारतानाच तिला उत्तर कळलं. तो वस्तीसाठी नव्हताच. माल खाली उतरवायला होता. माल होता तोवर दर पावसाळ्यानंतर मुरूम पडायचा, आणि त्याच रस्त्यानं एसटीही यायची. माल संपला, मुरूम बंद झाला, आणि तीन वर्षांपूर्वी एसटीनंही अंग काढून घेतलं.

“आलासा का? म्या म्हटलं चुकलासा जणू,” मोल्डरचे वडील अंगणात उभे होते. वय सत्तरीच्या घरात, पाठ ताठ, गुडघे मात्र बाहेर वळलेले. आम्ही त्यांना आबा म्हणायला लागलो. म्हाळाचं जेवण झालं: भात, आमटी, भाज्या, वडे आणि गव्हाची खीर. कावळ्याला ठेवलेलं पान तासभर तसंच होतं. आबा म्हणाले, “बा माजा खाणीच्या इरोधात हुता. म्या कामाला गेलो तवा म्हैना बोलला न्हाई. आज बी रुसलाय बगा.” सगळे हसले. शेवटी एक कावळा आला, पण वड्याला शिवला नाही, खीर तेवढी खाऊन गेला.

जेवून चढायला लागलो. खाली कारवी, ओली, कमरेच्या वर, आणि जळवा. मुलीनं किंचाळून सगळं रान जागं केलं. पाऊण तासानं झाडं एकदम संपली आणि वर सडा लागला.

सडा ज्यानं पाहिला नाही त्याला सांगणं अवघड. कासमुळे लोकांना पठार म्हणजे फुलांचा गालिचा वाटतो. सडा म्हणजे आधी दगड. काळसर तांबडा, जाळीदार, जागोजाग उथळ खळगे, त्यांत टाचभर पाणी. मातीचा थर बोटभर. त्या बोटभर मातीत जे काही उगवतं ते वर्षातल्या तीन-चार महिन्यांत जगून घेतं. गेंदाची पांढरी बटणं वाऱ्यावर डोलत होती. ओलीवर सीतेची आसवं, निळीजांभळी, नखाएवढी. कवल्याची पिवळी फुलं. खळग्याच्या कडेला लालसर चिकट पानांचं दवबिंदू पसरलेलं. त्यावर एक डास अडकून पाय हलवत होता. माती इतकी गरीब की या झाडांना पोटासाठी किडे धरावे लागतात. सीतेची आसवंही त्यातलीच. एवढं नाजूक नाव, पण मुळांपाशी बारीक पिशव्यांचे सापळे लावून बसलेली.

माती गरीब असण्याचं आणि माझ्या मेटलचं कारण एकच आहे. हे सगळे डोंगर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीचाच. कोल्हापुरात पडतो त्याच्या तिप्पट-चौपट पाऊस इथं माथ्यावर पडतो. लाखो वर्षं तो या पाषाणातून झिरपत राहिला आणि विरघळेल ते सगळं घेऊन गेला: चुना गेला, सोडा गेला, शेवटी वाळूत असते ती सिलिकासुद्धा गेली. ज्याला पाणी नेऊ शकलं नाही ते उरलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड जास्त उरलं तिथं जांभा झाला. ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथं बॉक्साइट. म्हणजे झाडाला हवं ते पावसानं नेलं आणि आम्हाला हवं ते ठेवलं. फ्रान्समधल्या ले बो नावाच्या गावाजवळ १८२१ साली हा दगड ओळखला गेला आणि त्या गावाचंच नाव त्याला चिकटलं. इथं आबांच्या गावात त्याला कोणी बॉक्साइट म्हणत नव्हतं. त्यांच्याकडे तो ‘माल’. मला आमचं ‘मेटल’ आठवलं.

सडा चालता चालता एका ठिकाणी संपला. म्हणजे कडा आला असं मला वाटलं. पण खाली दरी नव्हती. दीड-दोन पुरुष खाली दुसरी जमीन होती, सपाट, लांबवर गेलेली, आणि तिच्यावर ओळीनं झाडं.

खाण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भुयार यायचं, कंदील, पाळणा. इथं तसलं काही नव्हतं. बॉक्साइट डोंगराच्या डोक्यावरच टोपीसारखं असतं, त्यामुळे खणून आत शिरावं लागत नाही. टोपी काढायची. वरची माती बाजूला, मग सुरुंग, मग फोडणं, निवडणं, भरणं. चाळीस वर्षांपूर्वी आबा लागले तेव्हा यंत्रं कमी आणि माणसं जास्त. बायका पाटीनं माल वाहायच्या. लोखंड जास्त असलेला तांबडा दगड टाकून द्यायचा, फिकट गुलाबी आणि वाटाण्यासारखे दाणे असलेला तो चांगला. आबा नुसत्या वजनावरून आणि ठणक्यावरून ओळखायचे. जिल्ह्याच्या या डोंगरांवरचा माल बेळगावच्या अल्युमिना कारखान्याकडे जायचा, शाहूवाडीच्या बाजूचा काही घाट उतरून बंदराकडेही. कारखान्यात कॉस्टिक सोड्यात शिजवून त्याची पांढरी पूड, म्हणजे अल्युमिना, होते आणि मागे तांबडा चिखल उरतो. त्या पुडीतून विजेच्या जोरावर धातू काढतात. चार-पाच टन दगडाला एक टन धातू, आणि त्या टनाला चौदा-पंधरा हजार युनिट वीज. भंगार वितळवायला याच्या वीस भागांतला जेमतेम एक भाग लागतो. भंगाराच्या व्यापाऱ्याशी मी रुपयासाठी घासाघीस करतो ते आठवून जरा ओशाळलो.

आम्ही त्या कापलेल्या कडेवरून खाली उतरलो आणि खाणीच्या तळाला उभे राहिलो. आबांनी हातातली काठी वर केली, डोक्याच्याही वर, हात पुरेल तितकी.

“हितं हुता सडा,” ते म्हणाले. “ह्या काठीच्या टोकाच्या वर वाईच. त्यावर आमी म्हसरं चारलीयात. हितं, बगा, असं हितं गेंद फुलायचा.”

काठीचं टोक हवेत फिरत होतं. तिथं पाऊस होता, धुकं होतं, एक टिटवी ओरडत गेली. मुलगी मोबाइल खिशात घालून वर बघत होती.

आम्ही कोल्हापूरचे लोक पाण्याचा फूट न् फूट मोजतो. हे दहा-बारा फूट कुठल्याच बोर्डावर लागले नाहीत. मी आबांना विचारलं, सडा गेला त्याची भरपाई मिळाली असेल ना? ते म्हणाले, खाली ज्यांची नाचणी-वरीची शेतं रस्त्यात गेली त्यांना थोडीफार मिळाली. सड्याचं काय मिळणार? “सातबाऱ्याला पोटखराबा हाय त्यो.” पोटखराबा, म्हणजे पिकाला निरुपयोगी, त्याचा सारा, म्हणजे आकार, शून्य. जे कागदावर आधीच शून्य, त्यातून कितीही वजा केलं तरी शून्यच राहणार. हिशेबात चूक काढायला जागा नाही.

खाणीच्या तळावर जी झाडं होती ती ऑस्ट्रेलियन बाभळीची, म्हणजे अकेशिया. खाण संपल्यावर खड्डा बुजवून झाडं लावावीत हा नियम, तो पाळलेला. दुरून बघितलं तर डोंगर हिरवा दिसतो, उपग्रहातूनही हिरवाच दिसत असणार. पण सड्यावर झाडं नसतातच. दगड, पाणी आणि टाचेएवढ्या उंचीची फुलं हेच त्याचं रान. अकेशियाखाली वाळक्या पानांचा जाड थर होता आणि त्यातून गवताचं पातंही डोकावत नव्हतं. म्हसरू पाला खात नाही, पाखरू घरटं करत नाही, असं आबा म्हणाले. घरट्याचं मी तपासलं नाही, पण त्या ओळींमधून चालताना एकही आवाज नव्हता. नवीन सरकारी कॉलनीत फिरल्यासारखं वाटलं.

मला वाटलं आता आबा खाणीला शिव्या घालतील. त्या घातल्या खालच्या झऱ्यापाशी आम्ही पोचलो तेव्हा, आणि त्याही अर्ध्याच. सडा पाऊस पितो आणि पुढे कित्येक महिने थोडा थोडा खाली सोडतो. वस्तीचा झरा त्यावर चालायचा. “मागं पाडव्यापतूर दम धरायचा. आता शिमग्याच्या आतच घसा वाळतोय त्येचा.” मग काठीवर हनुवटी टेकून थांबले. “पर खोटं कशाला बोलू. ह्येच्या शाळंची फी म्या हितनंच भरली. घरावरची कौलं हितलीच. बा बोलत न्हवता, पर ताटात भाकरी हितलीच खाईत हुता.”

संध्याकाळी चहा घेताना त्यांच्या बायकोनं तर झऱ्याचा विषयच उडवून लावला. खाण होती तेव्हा रस्ता होता, रस्ता होता तेव्हा एसटी होती, आणि एसटी होती तेव्हा बाळंतिणीला डालातून न्यावं लागत नव्हतं. “झरा आटला म्हन्त्यात. पानी काय, डोईवर आनलं असतं. दवाखाना डोईवर आनता येतोय व्हय?” यावर आबा गप्प. मोल्डर हळूच म्हणाला, “रोजचं हाय ह्यांचं.” मला दोघांपैकी एकाची बाजू घ्यावीशी वाटली, पण माझी लाद्यांची चळत आठवून गप्प बसलो. त्या भांडणात तिसरा पक्ष मीच होतो.

खाणीच्या एका टोकाला न बुजवलेला खड्डा राहिलाय, त्याचं सांगायचं राहिलंच. ठेकेदार मधेच सोडून गेला म्हणतात. त्यात पाणी साचून तळं झालंय, शेतातल्या विहिरीच्या तिप्पट-चौपट. पाणी तांबडं असेल असं वाटलं होतं, पण वरून बघितलं तर हिरवट निळं. काठच्या चिखलात गव्यांच्या खुरांचे ठसे, तळहाताहून मोठे, काही त्याच सकाळचे असावेत. उन्हाळ्यात जंगलातून कळप इथं पाण्याला येतो आणि येता-जाता वस्तीच्या उसाला तोंड लावतो. आणि त्या खड्ड्याच्या कापलेल्या भिंतीत, पाणी ठिबकत होतं तिथं, बोटभर शेवाळावर दवबिंदूचं एक चकतीएवढं लाल रोप होतं. कोणी लावलं नव्हतं. अकेशियाच्या रांगांत ते कुठंही दिसलं नव्हतं, नियम मोडून उघड्या राहिलेल्या या एका भिंतीवर मात्र होतं. यातून काय अर्थ काढायचा ते मला कळेना. मुलीनं त्याचा फोटो काढला. दिवसभरातला तो तिचा पहिला फोटो, ज्यात ती स्वतः नव्हती.

निघताना आबांनी पिशवीत हरीक-वरीचं काहीतरी, घरचं लोणचं आणि कापडात गुंडाळलेला एक दगड दिला. फिकट गुलाबी, वाटाण्यासारख्या दाण्यांचा. “न्या. तुमचाच माल हाय.” देण्याआधी बाटलीतलं पाणी त्यांनी त्यावर ओतलं. ओघळ खाली आलाच नाही. दगड सगळं प्यायला.

“चांगला हाय,” आबा म्हणाले.

सोमवारी शेडवर मी तो काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे. म्हणजे अर्धा किलो मेटल, फार तर एक मध्यम पातेलं आणि त्याचं झाकण. मोल्डर शेजारी उभा राहून बघत होता. “भट्टीत टाकू का?” असं म्हणून तो हसला, कारण आमच्या भट्टीत दगडाचं काहीही होत नाही हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत आहे.

आमच्या शेडचं मागचं दार वाऱ्यानं आपटतं. तो दगड आता त्या दाराला लावलाय. परवा परतीच्या पावसाचा शिडकावा आत आला तेव्हा फरशी भिजली, दगडाभोवती मात्र वीतभर जागा कोरडीच होती.